‘बट’ जोडतं, ‘हाउएव्हर’ जोडत नाही

ऑफिसातले मेल, सोसायटीच्या नोटिसा, कॉलेजची परिपत्रकं, परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी लिहिलेले एसओपी, म्हणजे ‘मला इथे का शिकायचंय’ सांगणारे निबंध. मराठी माणूस जिथे जिथे ठेवणीतलं इंग्रजी बाहेर काढतो, तिथे हे वाक्य भेटतंच: ‘द ट्रेन वॉज लेट, हाउएव्हर वी रीच्ड ऑन टाइम.’ स्पेलिंग बरोबर, काळ बरोबर, अर्थही पटकन कळतो. तरी वाक्य चुकलेलं आहे. तसं सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: “अहो, ‘बट’ फार साधं वाटतं, म्हणून ‘हाउएव्हर’ घातलं.” सगळा घोळ त्या ‘म्हणून’मध्ये आहे.

‘बट’वर फार बोलायला नको, ते तुम्हाला येतं. पूर्ण वाक्य, कॉमा, ‘बट’, दुसरं पूर्ण वाक्य. अँड, ऑर, नॉर, सो, येट आणि जुन्या वळणाचं ‘फॉर’ धरून ही सात भावंडं. ‘बट’ने वाक्य सुरू करू नये असं शाळेत बजावलेलं असतं, ते खुशाल विसरा. १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘अँड’ आणि ‘बट’ने सुरू होणारी वाक्यं पानोपानी आहेत.

‘हाउएव्हर’चा अर्थ ‘बट’च्या जवळचाच, आणि फसगत तिथेच होते. अर्थ सारखा असला तरी वाक्यातलं काम वेगळं. ‘बट’ हे उभयान्वयी अव्यय, दोन डब्यांमधलं कपलिंग. ‘हाउएव्हर’ हे क्रियाविशेषण, दुसऱ्या डब्यात बसलेला प्रवासी. तो दाराशी उभा राहील, खिडकीशी बसेल, शेवटच्या बाकावर जाऊन आडवाही होईल. डबे जोडणं त्याच्या हातात नाही.

हे तपासायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही, शब्द हलवून बघा. ‘वी, हाउएव्हर, रीच्ड ऑन टाइम’ चालतं. ‘वी रीच्ड ऑन टाइम, हाउएव्हर’ हेही चालतं. आता ‘वी बट रीच्ड ऑन टाइम’ म्हणून बघा, जीभच अडखळते. जो शब्द वाक्यात असा हवा तिथे फिरतो, त्याच्यावर दोन वाक्यं जोडायचा भार टाकता येत नाही. मग मध्ये उरतो नुसता कॉमा. या चुकीला इंग्रजीत कॉमा स्प्लाइस म्हणतात.

मराठीत हा फरक आपण रोज पाळतो. ‘गाडी उशिरा आली, पण आम्ही वेळेवर पोचलो.’ यातला ‘पण’ एक घर पुढे सरकवा: ‘आम्ही पण वेळेवर पोचलो.’ अर्थच फिरला, आता आमच्याशिवाय आणखी कोणीतरी वेळेवर पोचलंय. ‘मात्र’ला ही अडचण नाही. ‘आम्ही मात्र वेळेवर पोचलो’, ‘आम्ही वेळेवर मात्र पोचलो’. छटा बदलते, वाक्य शाबूत राहतं. ‘बट’ हा आपला ‘पण’, ‘हाउएव्हर’ हा आपला ‘मात्र’. (हल्ली बातम्यांत दर दुसरं वाक्य ‘मात्र’ने सुरू करायची साथ आलीय, तो वैताग वेगळा.)

मग चुकतं कुठे? या ‘मात्र’च्याच वाक्यात. ‘गाडी उशिरा आली, आम्ही मात्र वेळेवर पोचलो.’ जोडणारा शब्द नाही, मध्ये फक्त कॉमा, आणि मराठीत हे वाक्य सोळा आणे बरोबर. आपलं क्रियापद बहुधा शेवटी येतं. ‘आली’ म्हटलं की वाक्य संपल्याचं कानालाच कळतं, पुढे कॉमा असो नाहीतर नसो. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं, आणि त्यामागून कर्म, वेळ, जागा, कारण असं किती शेपूट लागेल याचा नेम नसतो. वाक्य कुठे संपलं हे सांगायचं काम तिथे विरामचिन्हावर पडतं. आपल्याकडे ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीतूनच आली, आणि ती मराठीत रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. चिन्हं आपण घेतली, त्यांचा इंग्रजी जाच घ्यायची आपल्या भाषेला गरजच नव्हती.

‘अर्थ कळला ना, झालं तर मग’ म्हणणाऱ्यांसाठी ही नोटीस. ‘यू मे कॅन्सल द फॉर्म. द फी विल नॉट बी रिफंडेड, हाउएव्हर, आफ्टर टेन्थ जून यू मे अप्लाय अगेन.’ यातलं ‘हाउएव्हर’ कुठल्या वाक्यातलं? मागच्यातलं धरलं तर फॉर्म रद्द करता येईल, फी मात्र परत मिळणार नाही. पुढच्यातलं धरलं तर फी मिळणार नाही, १० जूननंतर पुन्हा अर्ज मात्र करता येईल. त्यात तारीख फीची की अर्जाची? घाईत वाचणारे पालक १० जूनपर्यंत फी परत मिळते असं समजून खिडकीवर भांडायला येणार, आणि त्यांची चूक नसणार. दोन्ही बाजूंना कॉमा देऊन मोकळं होणं ही यातली सर्वांत वाईट सवय, कारण दिसायला ते अगदी टापटीप दिसतं.

दुरुस्ती सोपी आहे: ‘हाउएव्हर’च्या आधी फुलस्टॉप, नंतर कॉमा. फुलस्टॉपऐवजी सेमीकोलनही चालतो, पण हात बसलेला नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्याहून सुबक म्हणजे ‘हाउएव्हर’ वाक्याच्या आत ढकला: ‘द ट्रेन वॉज लेट. वी, हाउएव्हर, रीच्ड ऑन टाइम.’ कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या नियमांत ‘तरीही’ या अर्थाचं ‘हाउएव्हर’ वाक्याच्या तोंडाशी नकोच असं बजावलं होतं. इतकं सोवळं मला नको. पण दहापैकी नऊ मेलांत खरा उपाय एकच: ‘बट’ लिहा. तीन अक्षरी शब्द वापरला म्हणून कोणी तुम्हाला अडाणी समजत नाही.

देअरफोर, नेव्हरदलेस, मोरओव्हर ही मंडळी ‘हाउएव्हर’च्याच गोतातली, त्यांनाही हेच लागू. ‘मोरओव्हर’ तर मी दिसेल तिथे खोडतो. ‘आय केम, आय सॉ, आय कॉन्कर्ड’मध्ये नुसते कॉमे खपतात, कारण तिन्ही तुकडे आखूड आणि एकाच साच्यातले. रजेच्या अर्जाला ती सवलत नाही.

‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट’ हे आपल्या ‘जरी… तरी’चं अपत्य. इंग्रजीला दोन्ही टोकं लागत नाहीत, एक काढा, कुठलंही.

आणि ‘हाउएव्हर हार्ड ही ट्राइड, द डोअर डिड नॉट ओपन’ यातलं ‘हाउएव्हर’ म्हणजे ‘कितीही’. त्याला खेटून कॉमा येत नाही. ‘हाउएव्हर’ दिसलं की पुढे कॉमा ठोकायचा, एवढंच पाठ करून बसलेले लोक तो इथेही ठोकतात.