धडधाकट हातालाच बांधून ठेवायचं!

पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसासमोर पाण्याचा पेला ठेवा. उजवी बाजू गेलेली असेल, तर डावा हात चटकन पुढे येतो. 'जरा उजव्याने बघा ना,' म्हटलं, की मांडीवर पडलेला उजवाही हलतो. खांदा वर चढतो, कोपर बाहेर जातं, बोटं धडपडत पेल्यापर्यंत पोचतात. म्हणजे हातात जीव आहे. मोडली आहे ती सवय.

हे उमगलं माकडांमुळे. १८९५ साली मॉट आणि शेरिंग्टन या ब्रिटिश संशोधकांनी माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहणाऱ्या नसा कापल्या. स्नायू हलवणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडाने तो हात वापरणं सोडलं. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी अशा माकडांचा चांगला हात बांधला, आणि निकामी हात कामाला लागला! टॉब यांच्या मते, इजेनंतर सुरुवातीला हात खरोखरच हलत नाही. प्रत्येक प्रयत्न फसतो, काम दुसरा हात उरकतो. नसा सावरेपर्यंत मेंदू 'हा नकोच' हे शिकून बसलेला असतो.

त्यावरची फिजिओथेरपी थोडी जुलमीच वाटेल. चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा, जागेपणीचा सुमारे ९० टक्के वेळ, दोन आठवडे. शिवाय रोज काही तास दुबळ्या हाताने डबे उघडणं, कपडे घडी करणं. जमेल तसं काम अवघड करत न्यायचं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या २२२ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा याने हात जास्त सुधारला आणि वर्षानंतरही फरक टिकून होता. अट एकच, पण मोठी: मनगट आणि बोटं थोडी तरी उचलता यायला हवीत. पार लुळ्या हातासाठी हा मार्ग नाही.

घाईही नको. झटक्यानंतर २४ तासांच्या आत रुग्णाला वारंवार उठवून चालवलं, तर फायद्याऐवजी तोटाच दिसला, असं २०१५ सालच्या एका मोठ्या चाचणीत आढळलं.

माझ्या मते खरी अडचण घरच्यांच्या मायेची. बटण लावताना पाच मिनिटं चाललेली झटापट बघवत नाही. कुणीतरी पुढे होऊन लावून टाकतं. म्हणून उपचाराआधी रुग्ण आणि घरच्यांशी चक्क लेखी करार करतात. कुठलं काम दुबळ्या हाताने, कुठलं दोन्ही हातांनी, हे त्यात ठरतं. मोजा कधी काढायचा तेही: आंघोळीला, गरम भांडं उचलताना, जिन्याचा कठडा धरताना.