घरून आलेली पत्रं गेली कुठे?

अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल (१८६१-६५) एक जुना समज आहे: सैनिक घरी भरभरून लिहीत, घरचे मात्र क्वचितच. संग्रहांत सैनिकांचीच पत्रं जास्त दिसतात, तेव्हा तसं वाटणं साहजिक आहे. पण पत्र टिकतं ते ज्याला मिळालं त्याच्याकडे. सैनिकाचं पत्र घरच्या पेटीत सुखरूप राहिलं. घरून आलेलं त्याच्या पाठपिशवीत भिजलं, कूच करताना हरवलं, कधी परक्याच्या हाती लागू नये म्हणून त्यानंच जाळलं.

पडताळायचंय? सैनिकांच्या पत्रांच्या सुरुवातीच्या ओळी वाचा. ‘तुझं अमुक तारखेचं पत्र मिळालं’ अशी पोच वारंवार सापडते. त्या तारखा कागदावर उतरवत जा. हरवलेल्या पत्रांची यादीच तयार होते. ‘पत्र का नाही?’ अशा तक्रारीही भेटतील, पण छावणी हलली की टपाल मागे राहायचंच.