गोळी चालू केली आणि अंगठा सुजला

गेल्या महिन्यात फोंड्याहून मामाचा फोन आला. युरिक ॲसिड वाढल्यानं होणाऱ्या गाउट या सांधेदुखीसाठी डॉक्टरांनी ॲलोप्युरिनॉल दिलं आणि दहाव्या दिवशी पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला. पांघरुणाचा स्पर्शही सोसेना. ‘गोळी बाधली’ म्हणून त्यानं ती बंद केली आणि कुणीतरी दिलेलं तांब्याचं कडं हातात चढवलं. कड्यानं रक्तातलं युरिक ॲसिड कणभरही हलत नाही. आणि गोळी बाधली नव्हती, ती कामाला लागली होती.

आगरवाड्याच्या मिठागरात पाणी आटत जातं, एका हद्दीपुढे त्याला मीठ पेलवत नाही आणि खडे पडू लागतात. रक्ताचीही अशीच हद्द आहे, डेसीलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅम युरिक ॲसिड. त्यापुढे युरेटचे, म्हणजे युरिक ॲसिडच्या क्षाराचे, सुईसारखे स्फटिक सांध्यांत साठतात. गारव्यात ते अधिक सहज बनतात, म्हणून हृदयापासून लांबचा, गार अंगठा बहुधा आधी धरतो. गोळीनं पातळी ६ च्या खाली आली की ते विरघळू लागतात. पण विरघळताना सुटलेल्या कणांवर पांढऱ्या पेशी तुटून पडतात आणि सांधा पेटतो. म्हणूनच ॲलोप्युरिनॉल १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेनं सुरू करून हळूहळू वाढवतात, आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत कोल्चिसिनसारखं सूज आवरणारं औषध देतात.

मला ॲलोप्युरिनॉलची खरी मोहिनी आहे ती त्याच्या युक्तीची. पेशींतल्या प्युरिन नावाच्या घटकांपासून हायपोझँथिन, त्यातून झँथिन, त्यातून युरिक ॲसिड. शेवटच्या दोन्ही पायऱ्यांवर झँथिन ऑक्सिडेज हेच एन्झाइम. ॲलोप्युरिनॉल हा हायपोझँथिनचा तोतया: अणू तेवढेच, फक्त एका नायट्रोजनची आणि एका कार्बनची जागा बदललेली. एन्झाइम फसतं आणि त्याला नेहमीसारखा ऑक्सिजन जोडतं. त्यातून बनलेलं ऑक्सिप्युरिनॉल एन्झाइमच्या गाभ्यातल्या मॉलिब्डेनम या धातूला घट्ट धरून बसतं. माशानं गरी गिळावी, तसं. हे औषध शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना मुळात रक्ताच्या कर्करोगावरचं मर्कॅप्टोप्युरिन शरीरात लवकर मोडू नये एवढंच हवं होतं, कारण तेही हेच एन्झाइम मोडतं. १९८८ च्या नोबेल पुरस्कारात दोघांचा वाटा होता. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या ॲझाथायोप्रिन या औषधाचं शरीरात मर्कॅप्टोप्युरिनच होतं, आणि ते मोडलं नाही तर साठत जातं. म्हणून ते चालू असेल तर ॲलोप्युरिनॉल घेण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं.

धोका आहे, पण विरळा. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठली तर गोळी तिथंच थांबवून तातडीनं डॉक्टर गाठावा. क्वचित ती त्वचा सोलवटून जिवावर बेतते. युरिक ॲसिड उतरवणारी दुसरी गोळी फेबुक्सोस्टॅट. २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत तिच्यावर ॲलोप्युरिनॉलपेक्षा हृदयविकारानं मृत्यू जास्त दिसले, २०२० च्या युरोपातल्या चाचणीत तसं दिसलं नाही. तरी हृदयाचं दुखणं असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ती घ्यावी.

बांगडे, तारले आणि बिअर आवरती घ्यावी हे खरंच, पण बहुतेक युरिक ॲसिड आपल्याच पेशींतून येतं. नुसत्या पथ्यानं पातळी सहसा थोडीच उतरते. मामाला पुरळ नव्हती. डॉक्टरांनी कोल्चिसिन जोडून गोळी पुन्हा चालू केली आहे. महिन्यानं रक्त तपासायचं आहे.