काँक्रीटचा वाहनतळ

सिमेंट काँक्रीटची लादी टाकून वाहने उभी करण्यासाठी तयार केलेल्या उघड्या जागेस काँक्रीटचा वाहनतळ म्हणतात. डांबरी तळापेक्षा त्याचा सुरुवातीचा खर्च बहुधा जास्त असतो. मात्र गळणाऱ्या ऑइल-डिझेलने डांबर जसे मऊ पडते, किंवा उन्हाळ्यात जड गाडीच्या चाकांखाली जसे दबते, तसे काँक्रीटचे होत नाही.

लादी ताठ असल्याने चाकाचा भार ती बऱ्याच मोठ्या क्षेत्रावर पसरवते. म्हणूनच खालची जमीन अतिशय भक्कम असण्यापेक्षा ती सर्वत्र सारखी असणे अधिक महत्त्वाचे असते. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला सैल भराव असेल, तर लादी कितीही जाड केली तरी त्या सांध्यावर ती तडकण्याचा धोका राहतो. दख्खनच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे ती पुरेशा खोलीपर्यंत काढून त्या जागी मुरूम भरावा लागतो, आणि तोही एकदम न ओतता थराथराने, पाणी मारून, रोलरने दाबत.

पाया नीट असल्यास केवळ मोटारींसाठी साधारण १०० ते १२५ मिमी जाडी पुरते. मालट्रक, टँकर किंवा कचऱ्याच्या गाड्या जिथून जातात त्या पट्ट्यात १५० मिमी किंवा त्याहून अधिक जाडी ठेवतात.

काँक्रीट वाळताना आकसते आणि त्याला भेग पडणारच. ती कुठे पडावी हे ठरवणे एवढेच बांधणाऱ्याच्या हाती असते. त्यासाठी लादीच्या जाडीच्या २४ ते ३० पट अंतरावर, म्हणजे १५० मिमी जाडीला ३.६ ते ४.५ मीटरवर, शक्य तितके चौरस खण पडतील असे सांधे कटरने कापतात. कापाची खोली जाडीच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश असते, आणि काँक्रीट कापण्याजोगे घट्ट होताच, बहुधा त्याच दिवशी किंवा रात्री, हे काम उरकावे लागते. उशीर झाला तर भेग आपली वाट स्वतःच शोधते. लोखंडी जाळी घातली की भेगा पडत नाहीत हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे: जाळी पडलेली भेग रुंदावू देत नाही, इतकेच.

पृष्ठभागावर खराट्याने खरखरीतपणा आणून, ओले गोणपाट अंथरून किंवा मातीची आळी करून पाणी साठवून लादी किमान ७ दिवस, आणि फ्लाय-ॲशयुक्त (कोळशाची बारीक राख मिसळलेले) सिमेंट असल्यास किमान १० दिवस, ओली ठेवतात. कडक उन्हाळ्यात ही मुदत आणखी वाढवावी. पाणी साचू नये म्हणून १०० मीटरला किमान १ मीटर उतार देतात.

मोटारीच्या जागेचे प्रचलित माप २.५ × ५ मीटर असून काटकोनी मांडणीत दुहेरी वाहतुकीच्या मार्गिकेला सुमारे ६ मीटर रुंदी लागते. अपंग व्यक्तींसाठीची जागा ३.६ मीटर रुंद आणि प्रवेशद्वारापासून ३० मीटरच्या आत असावी. व्हीलचेअर बाहेर काढायला ही जादा रुंदी लागतेच, म्हणून इथे काटकसर करणे अक्षम्य आहे.

दिव्यांचे खांब, चाक-अडथळे, बूम बॅरियर (प्रवेशावरचा वर-खाली होणारा अडसर), कॅमेरे आणि रंगीत पट्टे ही साधने नंतर बसवता येतात. पण त्यांच्या वायरींचे पाइप लादीआधीच टाकावे लागतात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत (राज्यांसाठीच्या नमुना बांधकाम नियमांत) केलेल्या दुरुस्तीनुसार तळाच्या एकूण वाहनक्षमतेच्या २० टक्क्यांसाठी विद्युत-चार्जिंगची सोय अपेक्षित असल्याने, चार्जर आज बसवायचे नसले तरी रिकामे पाइप घालून ठेवणे आता आराखड्याचाच भाग मानले पाहिजे.