कान वाजणं (कर्णनाद)

बाहेर कुठेच आवाज नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, किर्रर्र, भुणभुण ऐकू येत राहते त्याला कान वाजणं म्हणतात, डॉक्टरच्या कागदावर टिनिटस. सुश्रुताने कानाचे २८ रोग सांगितलेत त्यात कर्णनाद आहे, म्हणजे हेडफोनच्या खूप आधीचं दुखणं हे. खान्देशात जुनी माणसं 'कानमा वाजी ऱ्हायनं' एवढंच म्हणतात. बऱ्याच जणांना ते पहिल्यांदा कळतं रात्री लाइट गेल्यावर, कूलर बंद पडतो, धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) पडलेल्या माणसाला वाटतं रातकिडे ओरडतायत आणि शेजारचा विचारतो, कुठले रातकिडे?

हे तापासारखं लक्षण आहे, मागचं कारण वेगवेगळं असतं. आतल्या कानातल्या आवाज टिपणाऱ्या बारीक केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, तिकडून सिग्नल कमी आला की मेंदू आपलाच व्हॉल्यूम वाढवतो आणि त्याची खरखर ऐकू येते, असं सध्या सगळ्यात जास्त मानलं जातं. वय हे एक मोठं कारण, दुसरं आवाज. ८५ डेसिबलमध्ये ८ तासांपर्यंत चालतं आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, या हिशोबाने १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. आता धुळ्याचे पॉवरलूम, जळगावच्या डाळ मिल, कापसाचं जिनिंग आणि हळदीच्या रात्रीचा डीजे, हिशोब तुम्हीच लावा. बाकी कानातला मळ, वाहणारा कान, मेनिएर (चक्कर आणणारा आतल्या कानाचा आजार), आणि औषधं: जेंटामायसिन, अमिकासिन, सिस्प्लॅटिन, क्विनाइन, अॅस्पिरिनचा मोठा डोस.

तपासणीला लोक जातात ते मशीन लावून आवाज पकडतील या आशेने, आणि तसं बहुतेक वेळा होत नाही, तो आवाज फक्त पेशंटलाच येतो. म्हणून डॉक्टर आधी विचारतच बसतो. एका कानात की दोन्ही, कधीपासून, कामधंदा काय, चक्कर येते का, झोप लागते का. मग दुर्बिणीने कान बघतात, ट्यूनिंग फोर्क लावतात आणि ऑडिओमेट्री करतात, बंद खोलीत २५० ते ८००० हर्ट्झचे आवाज ऐकवून. आवाजाने कान गेलेला असेल तर आलेख ४००० च्या आसपास खड्ड्यासारखा खाली जातो. एकाच कानात वाजत असेल तर एमआरआय सांगतात, ऐकण्याच्या नसेजवळ गाठ नाही ना बघायला. नाडीच्या ठोक्याबरोबर धस् धस् येत असेल तर रक्तवाहिन्या तपासतात, आणि यात कधीकधी डॉक्टरलाही स्टेथोस्कोपने ऐकू येतं.

उपचारात मळ असेल तर तो काढला की काम झालं, सगळे इतके नशीबवान नसतात. आवाज कायमचा बंद करणारी गोळी आजवर निघालेली नाही. बेटाहिस्टिन भरपूर लिहून देतात पण नुसत्या कान वाजण्यावर त्याचा फायदा अभ्यासांत दिसलेला नाही, जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंकही देऊ नका असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी २०१४ मध्येच सांगितलंय. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने खरंच फरक पडतो (आपल्याकडे चष्म्याची लाज नाही, मशीनची आहे, हे एक कोडंच). झोपताना पंखा किंवा बारीक रेडिओ चालू ठेवावा, एकदम सामसूम नको. १९५३ मध्ये चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं तर ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं होतं! त्रासाची धास्ती कमी करायला सीबीटी नावाचं समुपदेशन असतं, आवाज तोच राहतो पण माणूस त्याच्यामागे धावायचं सोडतो, पुरावा याचाच सगळ्यात चांगला आहे.

लसणाचं गरम तेल मात्र टाकू नये, पडद्याला भोक असेल तर आत जातं. आणि कान वाजायला लागून २-३ दिवसांत एका कानाचं ऐकणंच गेलं तर ती इमर्जन्सी, स्टेरॉइड पहिल्या २ आठवड्यांत मिळालं पाहिजे, आणि हेच दिवस तेलात जातात. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, थेट कान-नाक-घसा ओपीडी गाठायची.