चौथ्या क्रमांकाआधीची आठ वर्षे

27 जुलै 2025 रोजी तूर द फ्रान्स ही सायकल शर्यत पॅरिसमध्ये संपली. पोगाचार, व्हिंगेगोर आणि लिपोवित्झ यांच्या पाठोपाठ चौथा आला ऑस्कर ऑनली, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळच्या केल्सो या छोट्या गावचा 22 वर्षांचा पोरगा. या शर्यतीत स्कॉटिश स्पर्धक इतका वर येण्याची ही पहिली वेळ नव्हती. 41 वर्षांपूर्वी, 1984 साली, असाच चौथा क्रमांक निकालात लागला होता. त्यापुढे नाव होते रॉबर्ट मिलर. लिंगबदलानंतर आज त्या फिलिपा यॉर्क म्हणून ओळखल्या जातात. 2017 साली त्यांनी हे जाहीरपणे सांगितले आणि त्याच नावाने टीव्हीवर शर्यतीचे समालोचनही केले. इथेही तेच नाव वापरले आहे. जुन्या निकालांत शोधायचे असेल तर मात्र मिलर हे आडनाव पाहावे लागेल.

यॉर्क यांचा जन्म 13 सप्टेंबर 1958 चा, ग्लासगोचा. पहिली काही वर्षे गॉर्बल्स या दाटीवाटीच्या कामगार वस्तीत गेली, मग कुटुंब शहराच्या दक्षिणेला पोलकशॉजला राहायला गेले. शाळा संपल्यावर कॅथकार्टमधल्या वीअर पंप्स या कारखान्यात उमेदवारी सुरू झाली. ग्लासगोतल्या त्या पिढीच्या मुलांचा हा ठरलेला रस्ता होता. सायकल हा त्या रस्त्यावरून बाहेर पडण्याचा मार्ग ठरला. ग्लासगो व्हीलर्स या क्लबात नाव घातले आणि प्रशिक्षक मिळाले बिली बिल्सलँड. हे नुसते हौशी मार्गदर्शक नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वतः फ्रान्सच्या प्यूजो संघातून व्यावसायिक शर्यती खेळून आले होते. युरोपात काय वाढून ठेवले आहे हे अनुभवातून सांगू शकणारा माणूस शेजारी असणे, ही त्या काळच्या ग्लासगोत फार मोठी गोष्ट होती.

ती मोठी का, हे कळायला थोडे मागे जावे लागते. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सायकल संघटनेने उघड्या रस्त्यावर घोळक्याने शर्यत खेळायला बंदी घातली. पोलिसांचा आणि लोकांचा रोष ओढवून घेतला तर सायकलच रस्त्यावरून हद्दपार होईल, अशी भीती होती. मग पर्याय निघाला घड्याळाविरुद्धच्या शर्यतीचा. पहाटे, रहदारी सुरू व्हायच्या आत, एकेकाने ठरावीक अंतराने सुटायचे आणि एकट्याने वेळ नोंदवायची. स्पर्धकांनी अंगभर काळे कपडे घालायचे, म्हणजे शर्यत चालली आहे असे कुणाला वाटू नये. फ्रान्स, बेल्जियम, इटलीत पोरे घोळक्यात खांद्याला खांदा घासून, वाऱ्याचा आडोसा घेत, डाव ओळखायला शिकत होती. ब्रिटिश सायकलस्वार घड्याळाकडे बघत एकटा पळत होता. 7 जून 1942 रोजी पर्सी स्टॅलार्ड यांनी लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी सामूहिक शर्यत भरवून ही बंदी मोडली. संघटनेने त्यांना बाहेर काढले, त्यांनी त्याच वर्षी वेगळी लीग उभी केली. ग्लासगोचे इयन स्टील या लीगचेच. 1952 साली वॉर्सा-बर्लिन-प्राग ही शांतता शर्यत त्यांनी जिंकली. ती जिंकणारे ते एकमेव ब्रिटिश. ही फूट 1959 मध्ये सांधली गेली, पण मधल्या साठ-पासष्ट वर्षांत गमावलेले शिक्षण एका ठरावाने भरून निघत नसते. सत्तरच्या दशकातही रस्त्यावरची शर्यत खऱ्या अर्थाने शिकायची तर समुद्र ओलांडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

यॉर्क यांची घरची कामगिरी झपाट्याने झाली. 1976 मध्ये स्कॉटलंडचे ज्युनियर रस्ता-शर्यतीचे विजेतेपद, 1977 मध्ये स्कॉटलंडची चढाची शर्यत, 1978 मध्ये ब्रिटनचे हौशी विजेतेपद. वय तेव्हा विशीच्या आतबाहेर. अंगकाठी लहान, वजन कमी, चढावर पाय थांबत नसत. ग्लासगोच्या उत्तरेला कॅम्प्सी टेकड्या आहेत, पण आल्प्स नाहीत. इथे आणखी जिंकून फारसे काही शिकायला मिळणार नव्हते.

1979 च्या सुरुवातीला त्या पॅरिसला गेल्या. तिथला एसीबीबी, म्हणजे बुलोन-बियांकूरचा क्रीडा क्लब, फ्रान्समधला सर्वांत दरारा असलेला हौशी क्लब होता आणि प्यूजो संघाला खेळाडू पुरवायचा. मिकी व्हीगां नावाचे करड्या शिस्तीचे गृहस्थ तो चालवत. पॉल शेरवेन, ग्रॅहम जोन्स हे इंग्रज त्याच दारातून आधी गेले होते, आयर्लंडचा स्टीफन रोश पुढच्या वर्षी येणार होता. ऑस्ट्रेलियाचा फिल अँडरसन यॉर्क यांच्याच हंगामातला. हे दार अरुंद होते, हे विसरता कामा नये. क्लबकडे जागा मोजक्या आणि परदेशी पोरांना हाती असायचा एकच हंगाम. जिंकले तर करार, नाही तर परतीचे तिकीट. भाषा परकी, शर्यत जवळजवळ दर आठवड्याला. यॉर्क यांनी त्या एका हंगामात फ्रान्समधल्या सर्वोत्कृष्ट हौशी सायकलपटूचा मर्लें-प्लाज किताब मिळवला, ब्रिटनचे हौशी विजेतेपद राखले आणि व्हाल्केनबर्गच्या जागतिक हौशी शर्यतीत चौथा क्रमांक घेतला. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कारकिर्दीतले सर्वांत निर्णायक वर्ष हेच, डोंगरातली नंतरची वर्षे नव्हेत.

1980 पासून प्यूजोचा पांढरा, काळ्या चौकड्यांचा जर्सी अंगावर आला. त्यानंतरची तीन वर्षे कुणी फारशी सांगत नाही. तूर द फ्रान्सच्या संघात त्यांची निवड एकदाही झाली नाही. 1982 मध्ये तूर द लाव्हनीर या उमेदीच्या खेळाडूंच्या शर्यतीत त्या ग्रेग लेमंडच्या मागे दुसऱ्या आल्या, आणि 1983 मध्ये अखेर तूरमध्ये घेतले गेले.

त्याच पहिल्या तूरमध्ये पो ते ल्युशों हा पिरेनीज पर्वतातला टप्पा होता. ओबिस्क, तुर्माले, आस्पां आणि पेइरसूर्द, असे चार घाट एका दिवसात. त्या वर्षी कोलंबियाचे हौशी खेळाडू पहिल्यांदाच आले होते आणि चढावर सगळ्यांना धाक घालत होते. शेवटच्या पेइरसूर्दवर यॉर्क यांनी त्यांच्यातल्या पात्रोसिनियो हिमेनेझला मागे टाकले. मग उतार. मागून स्पेनचा पेद्रो देल्गादो जिवावर उदार होऊन खाली येत होता. ल्युशोंच्या रेषेवर यॉर्कच पहिल्या आल्या, दोघांमध्ये अंतर उरले 6 सेकंदांचे.

पुढच्या वर्षी ग्युझे-नेजच्या चढावरचा टप्पा त्यांनी जिंकला आणि लाल ठिपक्यांचा जर्सीही. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत घाटांचा राजा असतो, तसा हा तूरमधला मान. तो मिळवणारे इंग्रजी भाषक तोवर कुणी नव्हते.

ऑनलीची वाट वेगळी होती. 2021 मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तो एका नेदरलँड्सस्थित व्यावसायिक संघाच्याच विकास संघात गेला आणि 2023 मध्ये मुख्य संघात चढला. घर मात्र त्यालाही सोडावेच लागले.

1984 च्या तूरचा निकाल पॅरिसमध्ये लागला तो असा: लोरां फिन्यों, बर्नार इनो, ग्रेग लेमंड, आणि चौथ्या ओळीत ग्लासगोच्या पंप कारखान्यातला एकेकाळचा उमेदवार.