रीडिंग कोर्स: मॅनेजमेंटच्या पीएचडीतलं गाईडसोबतचं वाचन आलं कुठून

रीडिंग कोर्स म्हणजे पीएचडीच्या विद्यार्थ्याने वर्गात न बसता गाईडसोबत एका यादीतले पेपर वाचायचे, त्यावर चर्चा करायची आणि त्याचे क्रेडिट घ्यायचे. त्याचा जुना भाग थोडक्यात सांगतो. प्रोफेसरभोवती बसून मूळ साधनं वाचायची आणि त्यावर वाद घालायचा ही सेमिनारची पद्धत एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन विद्यापीठांतली. तिथून ती अमेरिकेत गेली, १८७६ ला तर याच नमुन्यावर तिकडे एक अख्खं विद्यापीठ सुरू झालं. इंग्लंडात पीएचडी आली पहिल्या महायुद्धाच्या काळात, तीही कोर्सवर्कशिवाय, म्हणजे वर्गातले कोर्स नाहीत, फक्त गाईड आणि थिसिस.

बिझनेस या घरात उशिरा आला. विद्यापीठातलं पहिलं अमेरिकन बिझनेस स्कूल १८८१ चं, एमबीए १९०८ ची, आणि डॉक्टरेट १९२० च्या दशकात. शिकवणं बरंचसं केसवर, म्हणजे कंपन्यांच्या प्रत्यक्ष प्रसंगांवर चालायचं, जर्नल्स मोजकीच. आज ज्यांच्याशिवाय वाचनाची यादी होत नाही त्यातली दोन मोठी जर्नल्स १९५६ आणि १९५८ ला निघाली. मग १९५९ मध्ये एकाच वर्षी दोन फाउंडेशनचे रिपोर्ट आले आणि दोघांचं म्हणणं जवळपास एकच, की इथलं रिसर्च कच्चं आहे, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित आणा. माझ्या मते रीडिंग कोर्सची खरी गरज इथे तयार झाली, कारण एका विद्यार्थ्याला संस्थांचं समाजशास्त्र हवं, दुसऱ्याला निर्णयप्रक्रियेचं मानसशास्त्र, आणि एकेका विद्यार्थ्यासाठी वर्ग कोण उघडणार?

आता नावाचा गुंता. एकाच गोष्टीला कुठे डायरेक्टेड रीडिंग म्हणतात, कुठे इंडिपेंडंट स्टडी. म्हणजे एका नावात कुणीतरी दिशा देतंय आणि दुसऱ्यात विद्यार्थी स्वतंत्र! हा नुसता शब्दांचा खेळ नाही, खरा वाद यादी कोणी करायची याचा आहे. गाईडने केली तर तो एका विद्यार्थ्याचा सेमिनार होतो, आणि गाईडच्या आवडीचाच विचारप्रवाह वाचला जातो, विरोधातले पेपर यादीत येतच नाहीत. विद्यार्थ्याने केली तर यादी हळूहळू थिसिसच्या दुसऱ्या चॅप्टरकडे, म्हणजे आधीच्या संशोधनाच्या आढाव्याकडे सरकते आणि मग कमिटी विचारते, की एकाच कामाचे क्रेडिट दोनदा का द्यायचे. प्रश्न रास्त आहे, पण त्यावर उपाय म्हणून अख्खा कोर्सच बंद करणं मला चूक वाटतं. मधला मार्ग आहे ना, पहिले काही आठवडे गाईडची यादी, पुढची विद्यार्थ्याची, आणि दर आठवड्याला दोन पानांची नोट.

हिशोबही करून बघा. युरोपियन पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, म्हणजे ५ क्रेडिटला १२५ ते १५० तास. एक पेपर नीट वाचायला तीन तास आणि नोटला एक धरला तर तीसेक पेपर होतात, भेटींचा वेळ वेगळा. त्याच क्रेडिटसाठी कुणी साठ पेपरची यादी देत असेल तर अर्धे पेपर अॅबस्ट्रॅक्टवरच निभावले जाणार.

पुढे २००३ ला एका ब्रिटिश मॅनेजमेंट जर्नलमधल्या पेपरने वैद्यकशास्त्रातली सिस्टिमॅटिक रिव्ह्यूची, म्हणजे ठरलेल्या नियमांनी पेपर शोधून आढावा घ्यायची पद्धत इकडे आणली: आधी प्रोटोकॉल (कामाचा लेखी आराखडा), मग सर्च स्ट्रिंग (शोधायचे शब्द), मग काय घेतलं काय गाळलं याची नोंद. २००४ पासून पेपर शोधायचं गूगल स्कॉलर आलं. यादी गाईडच्या कपाटातून बाहेर पडली हे चांगलंच झालं, पण पाचशे पेपर छाननीत घालणं आणि एक पेपर त्याच्या गृहीतकांसकट खोलणं ही वेगळी कामं आहेत, आणि रीडिंग कोर्स यातल्या दुसऱ्या कामासाठी होता.

२०२२ च्या शेवटी चॅटजीपीटी आलं आणि सारांश काही सेकंदांत मिळायला लागला, त्यामुळे दोन पानांची नोट वाचल्याचा पुरावा राहिली नाही. उरतो तो गाईडसमोरचा एक तास, पेपर उघडा ठेवून, दोघांनीही वाचलेला. आणि बऱ्याच ठिकाणी नेमका तोच तास गाईडच्या टीचिंग लोडमध्ये, म्हणजे शिकवण्याच्या तासांत धरत नाहीत.